कशावरून, मावशी?

परवा भाचीनं एका कागदावर पाच संख्या लिहून कागद माझ्यापुढे सरकवला. ३, ५, १७, २५७, ६५५३७. "ओळख," एवढंच म्हणाली. ओळखायला फार वेळ लागला नाही. आधीच्या संख्येतून एक काढायचा, उरेल त्याचा वर्ग करायचा आणि त्यात एक मिळवायचा. १७ मधून एक गेला की १६, त्याचा वर्ग २५६, अधिक एक २५७. मग ती म्हणाली, "आणि सगळ्या मूळ संख्या आहेत." ६५५३७ तिनं स्वतः तपासली होती. २ पासून २५१ पर्यंतच्या ५४ मूळ संख्या घेऊन तिनं ५४ भागाकार केले होते आणि एकदाही बाकी शून्य आली नव्हती. वहीची तीन पानं भरली होती, खोडरबरानं कागद जागोजागी झिजला होता. मला तिचं फार कौतुक वाटलं. "मग पुढची पण मूळच असणार ना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "हो, असणारच."

"कशावरून, मावशी?"

मी काहीतरी बोलले. इतकी सुंदर रचना आहे, पाच वेळा टिकली आहे, अशा अर्थाचं. तिनं ऐकून घेतलं, कागदाची घडी घातली आणि उठून गेली. चेहऱ्यावर राग नव्हता, हट्टही नव्हता. प्रश्न तेवढा तिथंच राहिला. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं ते माझं "हो". किती चटकन आलं होतं ते. ५४ भागाकार करून आलेल्या मुलीला मी एकही भागाकार न करता उत्तर दिलं होतं.

उठले. ६५५३६ चा वर्ग अधिक एक. हातातल्या छोट्या कॅल्क्युलेटरवर आठच अंक मावतात, त्यामुळे त्यानं नुसता 'ई' दाखवला. कागदावर गुणाकार मांडला. ४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. मोठ्यानं म्हणून पाहिली. या संख्येला तशी लय नाही, अंकांत डोळ्याला सापडेल अशी नक्षी नाही. अंकांची बेरीज ५९, म्हणजे तीननं भाग जात नाही. शेवटी ७, म्हणजे दोन आणि पाच बाद. सात, अकरा, तेरा असं करत मी १०१ पर्यंत पोचले आणि डोळे मिटायला लागले. ही संख्या मूळ असेल तर तसं म्हणण्यासाठी ६५५३६ पर्यंतच्या सगळ्या, म्हणजे ६५४२ मूळ संख्यांनी भागून पाहावं लागणार होतं. मी त्यातल्या २६ संपवल्या होत्या.

भागाकार मांडताना माझ्या लक्षात आलं, प्रत्येक बाकीभोवती मी गोल काढत होते. ही सवय बाबांची. बाबांचं आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं. लाल पेन्सिल, खाली धरलेली पट्टी आणि बाकीभोवती गोल. मोठा गुणाकार बरोबर आहे का, हे ते नवाच्या कसोटीनं बघायचे. दोन्ही संख्यांच्या अंकांच्या बेरजा करायच्या, एक अंक उरेपर्यंत. त्यांचा गुणाकार करायचा, त्याचीही तशीच बेरीज. आणि ती उत्तराच्या अंकांच्या बेरजेशी जुळायला हवी. नाही जुळली तर चूक नक्की. सातवीत असताना मी त्यांना विचारलं होतं, "पण हे चालतं का?" ते म्हणाले, "चालतं. पाठ कर." ओरडले नाहीत, पण पेन्सिल थांबलीही नाही. त्यानंतर गणितातलं काही मी त्यांना विचारलं नाही. पुढे शिकायला बाहेर पडले, तेव्हा एका पत्राच्या शेवटी, सगळ्यांच्या खुशालीनंतर, चार ओळी होत्या. "दहाला नवानं भागलं की एक उरतो. शंभराला भागलं तरी एकच, हजाराला भागलं तरी एकच. म्हणून नुसत्या अंकांची बेरीज पुरते. तू विचारलं होतंस." मधे सहा-सात वर्षं गेली होती. त्या ओळी वाचून मला फार आनंद झाला आणि तितकंच वाईटही वाटलं. त्यांना सातवीतल्या मुलीसमोर "माहीत नाही" म्हणता आलं नव्हतं, आणि मला पुन्हा विचारता आलं नव्हतं. तो प्रश्न आम्ही दोघांनी वेगवेगळा सांभाळला होता.

पुढचे आठ-दहा दिवस मी या एका संख्येच्या मागे होते. मिळेल ते वाचत होते, आणि पेन्सिल हातात धरूनच वाचत होते.

भाचीचा प्रश्न जुना निघाला. फ्रान्समधल्या पिएर द फर्मा या गणितज्ञानं १६४० मध्ये हाच विश्वास पत्रांतून कळवला होता, की या रीतीनं तयार होणारी प्रत्येक संख्या मूळ असते. आपल्याकडे याची सिद्धता नाही, हेही तो प्रामाणिकपणे लिहितो. तरी मन त्या बाजूनं झुकलेलं होतं. १६५९ मध्ये कार्कावी या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो दावा पुन्हा येतो. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं तो त्याच्या मनातून गेला नव्हता. त्याच्याजवळही माझ्या भाचीसारख्या पाचच संख्या होत्या. त्याला नावं ठेवावीत असं मला एकदाही वाटलं नाही. ३, ५, १७, २५७, ६५५३७ अशा ओळीनं बघितल्या की खरंच वाटतं, इतकी नेटकी गोष्ट मधेच कशाला मोडेल? शिवाय या संख्यांचं आपापसातलं नातंही विलक्षण आहे. ३ गुणिले ५ म्हणजे १५, १७ ला दोन कमी. त्याला १७ नं गुणलं की २५५, २५७ ला दोन कमी. त्याला २५७ नं गुणलं की ६५५३५. आणि त्याला ६५५३७ नं गुणलं की ४२९४९६७२९५, आपल्या संख्येला बरोबर दोन कमी. म्हणजे आधीच्या पाचांपैकी कुणीही हिला भागू शकत नाही, प्रत्येकाची बाकी दोनच उरणार. या कुळातल्या कुठल्याही दोघींना सामाईक विभाजक नसतो. प्रत्येक जण आपले विभाजक नव्यानं घेऊन येते, म्हणून मूळ संख्या कधी संपणारच नाहीत. गोल्डबाख नावाच्या गणितज्ञानं १७३० मध्ये ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला हा युक्तिवाद पत्रातून कळवला होता.

तोच गोल्डबाख, ज्यानं त्याच्या आदल्या डिसेंबरात आपल्या पत्राच्या ताज्या कलमात सहज विचारलं होतं : फर्माचं हे निरीक्षण तुम्हाला माहीत आहे का? ऑयलरनं सुरुवातीला फारसं मनावर घेतलं नाही. पण प्रश्न त्याच्यात शिरला असावा. १७३२ मध्ये, पंचवीस वर्षांचा असताना, त्यानं सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे सांगितलं की ४२९४९६७२९७ ला ६४१ नं भाग जातो.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटलं आणि भागाकार मांडला. इथं मला घाई करवत नाही. ४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, ३८४६, बाकी ४४८. नऊ खाली घेतला, ४४८९. सात वेळा म्हणजे ४४८७, बाकी २. फक्त दोन. सहा घेतला, २६. भाग नाही, वर शून्य. सात घेतला, २६७, पुन्हा शून्य. दोन घेतला, २६७२. चार वेळा २५६४, बाकी १०८. नऊ घेतला, १०८९. एकदा, बाकी ४४८. इथं माझी पेन्सिल थांबली. पुन्हा ४४८. तीच बाकी, जी अगदी पहिल्या पायरीवर उरली होती. मघाशी तिच्यापुढे ९ आला होता आणि दोन उरले होते. आता भाज्यातला शेवटचा अंक राहिला होता, आणि तो होता ७. ४४८७. सात वेळा. बाकी शून्य.

वर भागाकार उभा होता, ६७००४१७. खोली शांत होती. शून्याभोवती मी दोनदा गोल काढला.

मग बाबांची कसोटी. ६४१ च्या अंकांची बेरीज ११, म्हणजे २. ६७००४१७ ची २५, म्हणजे ७. दोन साते चौदा, म्हणजे ५. आणि ४२९४९६७२९७ ची ५९, म्हणजे १४, म्हणजे ५.

मला सगळ्यात जास्त लागून राहिली ती निराळीच गोष्ट. ६४१ काही फार दूर नव्हता. मूळ संख्यांच्या रांगेत तो ११६ वा. मी त्या रात्री जिथं थांबले तिथून फक्त नव्वद पावलं पुढे. पण फर्माला तर तेवढं चालायचीही गरज नव्हती. कुठल्याही मूळ संख्येनं २ च्या घातांना भागत गेलं तर बाक्या ठरावीक अंतरानं पुन्हा येतात, आणि ते अंतर त्या मूळ संख्येपेक्षा एकनं कमी असलेल्या संख्येला नि:शेष भागतं. हा शोध फर्माचाच, आणि तोही १६४० चाच. आपली संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक एक. तिला भागणाऱ्या संख्येच्या लेखी २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे एक येते, म्हणजे पूर्ण भाग जायला एक कमी पडतो, त्याचा वर्ग केला की ६४ व्या घाताला एक. म्हणजे ते अंतर ६४ चं. म्हणजे विभाजक हवा असेल तर तो ६४ च्या पटीत एक मिळवूनच मिळणार. आता रांग लावली तर मूळ संख्या येतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. त्यातली २५७ कुळातलीच, ती बाद. उरले चार भागाकार. चौथ्याला उत्तर. ऑयलर पुढे याच वाटेनं गेला आणि त्यानं ती वाट सविस्तर लिहून ठेवली.

दुसरी किल्लीही फर्माच्याच खिशात होती. चारनं भागून एक उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात लिहिता येते, आणि एकाच प्रकारे, हे त्यानं १६४० च्या नाताळच्या दिवशी मेर्सेन या आपल्या पत्रमित्राला कळवलं. आपली संख्या ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग अशी तर जन्मापासून आहे. पण ती ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्ग अशीही आहे. मी दोन्ही वर्ग हातानं काढले. ३८७६८०५६९६ आणि ४१८१६१६०१. बेरीज अंकागणिक जुळली. दोन रूपं सापडली की मूळपण संपलं. मला राहून राहून वाटतं, फर्मानं ते चार-पाच भागाकार कधी मांडलेच असतील, आणि ४४८९ पाशी किंवा त्या दोन शून्यांपाशी हात घसरला असेल. तसं झालं की नाही, याचा पुरावा नाही. पण मेणबत्तीच्या उजेडात भाग घालणारा एक माणूस मला दिसतो, आणि त्याच्याबद्दल आपुलकी वाटते. किंवा त्यानं मांडलेच नसतील. "असणारच" म्हणाला असेल. तेही मला आता चांगलं समजतं.

ही संख्या २ ला चकवते, हे कळलं तेव्हा तर मी बराच वेळ नुसती बसून राहिले. मूळ आहे का, हे पाहण्याची एक सोपी चाचणी आहे : संख्येतून एक काढायचा, २ चा तेवढा घात घ्यायचा आणि त्याला त्या तपासायच्या संख्येनंच भागायचं. एकाशिवाय दुसरं काही उरलं तर संख्या मूळ नाही. आपल्या संख्येला ही चाचणी लावली तर बाकी येते एक. अगदी निष्पाप. ज्या २ पासून ती घडली, तो २ तिच्याविरुद्ध बोलत नाही. ३ मात्र बोलतो. ३ चा वर्ग, त्याचा वर्ग, असं ओळीनं ३२ वेळा करत गेलं, दर वेळी बाकी तेवढी ठेवत, तर शेवटी एक येत नाही. बत्तीस गुणाकार. कष्टाचं काम, पण एका माणसाला दोन-तीन दिवसांत जमण्यासारखं.

१८१२ मध्ये लंडनला झेरा कोलबर्न नावाचा आठएक वर्षांचा अमेरिकन मुलगा आणला होता, तोंडी गणितं करून दाखवण्यासाठी. त्याला ४२९४९६७२९७ दिली, आणि त्यानं ६४१ सांगितला. कसा सापडला, हे त्याला सांगता येईना. उत्तर यायचं, पण ते आलं कुठून हे सांगताना तो गोंधळायचा. हे वाचताना मला विद्वानांच्या घोळक्यात उभं राहिलेलं ते लहान पोर दिसत राहिलं. सगळे त्याला विचारताहेत : कशावरून?

त्या पाच संख्यांचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं, कारण त्या काही वाया गेल्या नाहीत. १७९६ च्या मार्चमध्ये गाऊस या जर्मन गणितज्ञाला, वयाची एकोणीस वर्षं पुरी व्हायच्या आत, कळलं की नुसत्या पट्टी-कंपासनं १७ समान बाजूंची नियमित आकृती काढता येते. १८०१ च्या ग्रंथात त्यानं दाखवलं की हे १७ चं भाग्य या कुळातल्या प्रत्येक मूळ संख्येला लाभतं, आणि त्यांच्या एकमेकींशी होणाऱ्या गुणाकारांनाही. दुसऱ्या कुठल्या विषम संख्येला ते नाही, याची सिद्धता वांत्सेलनं १८३७ मध्ये दिली. पाचही एकत्र गुणल्या की येते ४२९४९६७२९५. इतक्या बाजूंची आकृती काढता येते, आणि पट्टी-कंपासला जमणारी याहून मोठी विषम संख्या आजवर कुणाला माहीत नाही. आपली संख्या तिच्यापासून दोन घरं पुढे राहते. एकीत पाचही जणी नांदतात, दुसरीत एकही नाही. हेर्मेस नावाच्या जर्मन गणितज्ञानं ६५५३७ बाजूंच्या आकृतीवर दहा वर्षं घालवली. ती हस्तलिखितं ग्योटिंगेनला पेटीत जपून ठेवली आहेत. दहा वर्षं, एका आकृतीसाठी. मला त्या पेटीचा हेवा वाटतो.

आणि सहावी मूळ संख्या? ती आजवर सापडलेली नाही. यादीतली पुढची, १८४४६७४४०७३७०९५५१६१७, ही वयाची ऐंशी गाठलेल्या लांद्रीनं १८८० मध्ये कित्येक महिने खपून फोडली : २७४१७७ गुणिले ६७२८०४२१३१०७२१. त्यानंतरच्या ज्यांचा म्हणून निकाल लागला, त्या सगळ्या संयुक्तच निघाल्या. १९९९ मध्ये तर पन्नास लाखांहून जास्त अंकांची एक संख्या मूळ नाही हे ठरलं, तेव्हा तिचा एकही विभाजक कुणाच्या हाती नव्हता. हे मला अजून नीट पचलेलं नाही. कुणीतरी आत आहे हे नक्की, आणि कोण ते ठाऊक नाही.

रविवारी भाची आली. मी आधी सांगून टाकलं, "त्या दिवशी मी न तपासता बोलले. ती मूळ नाही." आणि कागद पुढे केला. तिनं भागाकार वरून खाली वाचला, बोट प्रत्येक बाकीवर ठेवत. दुसऱ्या ४४८ वर बोट थांबलं, मग वर पहिल्यावर गेलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

मग मी तिला ६४१ का, ते दाखवलं. ६४१ म्हणजे ६४० अधिक एक, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले १२८, १२८ म्हणजे २ चा सातवा घात. तेव्हा ६४१ च्या लेखी ५ गुणिले २ चा सातवा घात म्हणजे उणे एक. दोन्हीकडे चौथा घात घेतला की ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात म्हणजे एक. पण ५ चा चौथा घात ६२५, म्हणजे ६४१ ला १६ कमी. त्याच्या जागी उणे १६ लिहायचं, आणि १६ म्हणजे २ चा चौथा घात. झाला २ चा ३२ वा घात, पुढे उणे चिन्ह, उत्तर एक. चार ओळी. दहाला नवानं भागलं की एक उरतो, म्हणून अंकांची बेरीज पुरते. ६४० ला ६४१ नं भागलं की एक कमी पडतो, म्हणून ती दहा अंकी संख्या कोसळते. बाबांच्या पत्रातल्या त्या चार ओळींची ही बहीणच. लिहिता लिहिता माझा आवाज जरा बदलला असावा, कारण ती कागदाऐवजी माझ्याकडेच बघत होती.

थोड्या वेळानं तिनं वर लिहिलेल्या भागाकारावर बोट ठेवलं. "आणि ६७००४१७? ही मूळ आहे?"

या वेळी मी "हो" म्हटलं नाही. आम्ही दोघी बसलो. हिचा विभाजकही ६४ च्या पटीत एक मिळवूनच यायला हवा, आणि २५८८ च्या पुढे जायची गरज नाही. आधी नापास झालेल्या वगळल्या तर सातच मूळ संख्या उरत होत्या. तिनं पेन्सिल घेतली. ६४१ नं पुन्हा एकदा, बाकी ४४. ७६९, बाकी १२०. ११५३, बाकी ३३४. १२१७, बाकी ८३२. १४०९ ला एकदा चुकली, खोडलं, पुन्हा केलं, बाकी ६२२. १६०१, बाकी २३२. बाकीभोवती गोल काढायला तिला मी सांगितलं नव्हतं, माझ्या कागदावर बघून ती काढत होती. शेवटची २११३. ३१७१ वेळा भाग गेला, तिनं वजाबाकी दोनदा तपासली आणि ९४ भोवती गोल काढला.